आरसा फिरत असताना चित्र पुसट का होत नाही? आणि उद्यमबागेत असा कॅमेरा बनेल का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. विचारणारे इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहेत. बेळगावच्या उद्यमबागेत त्यांच्या काकांचं मशीन शॉप आहे आणि तिथे २४,००० आरपीएमची एक ग्राइंडिंग स्पिंडल पडून आहे. फाउंड्रीतला टेस्ट बार, म्हणजे कास्ट आयर्नचा तपासणीचा दांडा, मोडताना तडा नेमका कसा पळतो, ते त्यांना बघायचं आहे. फिरत्या आरशाचे कॅमेरे सेकंदाला लाखो चित्रं घेतात हे त्यांनी वाचलं आहे, पण दोन ठिकाणी अडलंय. आरसा फिरतोय तर चित्र पुसट कसं होत नाही? आणि या स्पिंडलवर असा कॅमेरा, निदान छोटा तरी, जमेल का?

नोकरीची बरीच वर्षं मी एका प्रयोगशाळेत याच कॅमेऱ्यांवर काढली. काच फुटणं, धातूची पट्टी फाटणं, स्फोटकाचा तुकडा पेटणं, असं मायक्रोसेकंदात उरकणारं जे असेल त्याचे फोटो काढायचे, हे काम. म्हणून सविस्तर लिहितो. उत्तराचा एक भाग मात्र तुमच्या परिस्थितीवर अवलंबून राहील: उजेड किती मिळतो, घटना किती वेळ चालते, आणि ती ठरल्या क्षणी घडवता येते की नाही.

आधी एक गोष्ट स्पष्ट करतो, कारण तुमचा प्रश्न वेगाभोवती फिरतोय. वेग तुमच्याकडे भरपूर आहे. तुम्हाला जे बघायचं आहे त्यासाठी स्पिंडल निम्म्या वेगानेच चालवायला मी सांगणार आहे. अडचण येईल ती उजेडाची, आणि त्याहून जास्त म्हणजे आरसा आणि तडा यांची वेळ जुळवण्याची.

आता आरसा काय करतो ते बघू. उन्हात आरसा धरून भिंतीवर कवडसा पाडलात की आरसा जितका वळवाल त्याच्या दुप्पट कोनात कवडसा सरकतो. हे दुप्पट होणं हा पहिला फायदा. दुसरा फायदा अंतराचा, भिंत जितकी लांब तितका कवडसा जोरात पळतो. समजा आरसा सेकंदाला ५,००० फेरे घेतोय, म्हणजे ३ लाख आरपीएम. मोठ्या कॅमेऱ्यांत हा वेग रोजचा आहे. आरशापासून ३० सेंटिमीटरवर प्रकाशाचा ठिपका सेकंदाला जवळपास १८,८५० मीटर धावेल, म्हणजे एका मायक्रोसेकंदाला सुमारे १९ मिलिमीटर. कुठलीही फिल्म हाताने किंवा मोटरने या वेगाने ओढता येत नाही, ती फाटून जाते. म्हणून फिल्म जागेवर ठेवायची आणि उजेड फिरवायचा, एवढंच या कॅमेऱ्याचं मूळ आहे.

ही युक्ती फोटोग्राफी जगासमोर येण्याच्याही आधीची आहे. चार्ल्स व्हीटस्टोनने १८३४ साली विजेची ठिणगी किती वेळ टिकते ते बघायला सेकंदाला सुमारे ८०० फेरे घेणारा आरसा वापरला होता. तुमची स्पिंडल पूर्ण वेगाने ४०० फेरे घेते. पुढे १८५० च्या दशकाच्या अखेरीस फेडरसनने त्याच पद्धतीने ठिणगीचे फोटो घेतले. लेडन जारमधून, म्हणजे वीज साठवणाऱ्या काचेच्या बरणीतून, सुटणारी ठिणगी एकदाच उडत नाही, ती पुढे-मागे झुलते, हे त्यात दिसलं.

आता तुमचा पहिला प्रश्न. कवडसा पळतोय, मग चित्रही पळणार आणि फासलं जाणार, हे तुमचं म्हणणं बरोबर आहे. नुसता आरसा आणि मागे फिल्म ठेवली तर तसंच होतं. त्याचाही उपयोग आहे, त्याकडे पुढे येतो. वेगवेगळी, स्थिर, स्वच्छ चित्रं हवी असतील तर रचना बदलावी लागते. ती रचना अमेरिकेत नाका या विमानसंशोधन संस्थेतल्या मिलर यांनी बसवली. इंजिनमध्ये नॉकिंग होतं, म्हणजे इंधन अवेळी भडकून ठोके बसतात, तेव्हा सिलिंडरच्या आत नक्की काय घडतं, हे त्यांना बघायचं होतं. त्यांचं पेटंट १९४६ चं. आजही या कॅमेऱ्यांत त्यांचंच नाव घेऊन मिलर तत्त्व असं म्हणतात.

तत्त्व असं आहे. पुढची मोठी लेन्स दृश्याचं चित्र फिल्मवर पाडत नाही, ती ते थेट फिरत्या आरशाच्या पृष्ठभागावर पाडते. आरशाच्या सभोवती कमानीत ओळीने छोट्या लेन्स बसवलेल्या असतात. प्रत्येक छोटी लेन्स आरशाच्या पृष्ठभागाकडे बघत असते आणि तिथलं चित्र आपल्या मागच्या फिल्मच्या तुकड्यावर उतरवते. आरसा फिरला की उजेडाचा झोत एका छोट्या लेन्सवरून दुसरीवर, दुसरीवरून तिसरीवर जातो. चित्र मात्र आरशाच्या पृष्ठभागावरच बसलेलं असतं. दाराच्या बिजागरीला लागून एखादं लहान चित्र चिकटवलंत तर दार उघडताना त्याचा कोन बदलतो, जागा जवळपास बदलत नाही. इथे तसंच होतं. झोत धावतो, चित्र जागेवर राहतं. प्रत्येक लेन्सला जो क्षणभर उजेड मिळतो त्या क्षणात तिला स्थिर चित्र दिसतं, म्हणून ते पुसट होत नाही.

"जवळपास" म्हणालो ते मुद्दाम. आरशाचा पृष्ठभाग फिरण्याच्या अक्षावर तंतोतंत नसतो, आरशाला जाडी असते, त्यामुळे चित्र किंचित सरकतंच. शिवाय आरसा तिरका होतो तशा चित्राच्या दोन्ही कडा फोकसच्या थोड्या पुढेमागे जातात. म्हणून अशा कॅमेऱ्याच्या फ्रेममध्ये मधला भाग जास्त रेखीव येतो. मोजमाप करायची जागा आम्ही नेहमी फ्रेमच्या मध्याजवळ आणत असू, आणि कडेवरचा आकडा कुणी दिला तर तो आधी तपासून बघत असू.

यात शटर कुठे आलं, हे विचारायला हवं. वेगळं शटर नाहीच. झोत ज्या लेन्सवर आहे तेवढीच लेन्स उघडी, बाकीच्या अंधारात. वरचाच हिशोब पुढे नेऊ. छोट्या लेन्स एकमेकींपासून १० मिलिमीटरवर असतील तर सेकंदाला सुमारे १९ लाख चित्रं होतात. झोताची रुंदी ५ मिलिमीटर आणि लेन्सचं तोंड ५ मिलिमीटर धरलं तर परिणामी एक्स्पोजर साधारण पाव मायक्रोसेकंद येतं. काचेतला तडा पूर्ण वेगात असताना सेकंदाला सुमारे १,५०० मीटर धावतो, म्हणजे पाव मायक्रोसेकंदात ०.४ मिलिमीटर. तेवढा तो फासणार. हे आधी मांडून बघायची सवय लावून घ्या. नुसतं सेकंदाला किती चित्रं हे विचारून काही कळत नाही. एका चित्राच्या वेळात आपली वस्तू किती सरकते, ते विचारावं.

दुसरा आकडा विद्यार्थी सहसा काढत नाहीत, आणि तो काढला की डोळे उघडतात. अशा ६० लेन्स असतील तर कमान ६० सेंटिमीटरची झाली. झोत ती कमान सुमारे ३२ मायक्रोसेकंदांत ओलांडतो. म्हणजे हा एवढा मोठा कॅमेरा, आरसा फिरवणारी त्याची टर्बाइन, त्याची खोली, हे सगळं ३२ मायक्रोसेकंदांच्या नोंदीसाठी. त्या आधी काही नाही, नंतर काही नाही. आरशाची एक फेरी २०० मायक्रोसेकंदांची, त्यातला हा लहानसा तुकडाच कामाचा. घटना त्या तुकड्यात बसली पाहिजे.

म्हणून आमच्याकडे कॅमेरा घटनेची वाट बघत नसे, घटनेला कॅमेऱ्याचा हुकूम पाळावा लागे. प्रत्यक्षात ते असं चालतं. बंकरच्या आत स्फोटक मांडलेलं असतं, दरवाजे बंद, सायरन होऊन गेलेला. इकडे कंट्रोल रूममध्ये टर्बाइनला गॅस सोडतात. आवाज आधी घरघर, मग शिट्टी, मग कानात टोचणारी बारीक रेघ होते आणि काउंटरवरचा आकडा चढत जातो. हवा तो वेग आला की फायरिंगचं बटण दाबतात, पण बटण दाबल्याने काहीच उडत नाही. बटण फक्त परवानगी देतं. आरशाजवळ एक पिकअप, म्हणजे सेन्सर, असतो, आरसा ठरलेल्या कोनात आला की तो एक पल्स देतो आणि परवानगी मिळाल्यानंतरची पहिली पल्स जाऊन स्फोट सुरू करणारा डेटोनेटर पेटवते. मधला उशीर आधीच मोजून सर्किटमध्ये भरलेला असतो, डेटोनेटरला किती वेळ लागतो, स्फोटकातून लाट पृष्ठभागावर यायला किती लागतो, सगळं. साधा डेटोनेटर इथे चालत नाही, त्याचा उशीर दर वेळी वेगळा असतो. उच्च दाबाच्या विजेने तार उडवणारा डेटोनेटर लागतो, त्याच्या उशिरातला फरक मायक्रोसेकंदाच्याही आतला.

मग फिल्म वाचवायची. आरसा काही थांबत नाही, पुढच्या फेरीला झोत पुन्हा त्याच लेन्सवरून जाणार आणि आधीच्या चित्रावर दुसरं चित्र चढणार. त्यासाठी दोन उपाय. एक, उजेडच एका फेरीपुरता ठेवायचा, फ्लॅश तेवढ्या वेळात विझला पाहिजे. दुसरा, कॅमेऱ्याच्या तोंडाशी जाड काच बसवायची आणि नोंद संपताच ती छोट्या डेटोनेटरने फोडायची. भुगा झालेली काच काही मायक्रोसेकंदांत अपारदर्शक होते, तेच शटर. प्रत्येक शॉटला एक काच जाते.

वेगाची वरची मर्यादा कुठे येते तेही सांगतो, कारण तुमचं क्षेत्र मेकॅनिकल आहे. आरशात येणारा ताण घनतेच्या प्रमाणात आणि कडेच्या वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. २५ मिलिमीटर रुंदीचा आरसा सेकंदाला ५,००० फेरे घेतो तेव्हा त्याची कड सेकंदाला ३९० मीटरच्या पुढे गेलेली असते, म्हणजे हवेतल्या आवाजापेक्षा जास्त वेग. म्हणून आरसा हेलियममध्ये किंवा निर्वातात फिरवतात. इतक्या वेगात स्टीलचा आरसा फुटण्याआधी फुगतो, पृष्ठभागाचा सपाटपणा जातो आणि चित्राचा फोकस बिघडतो. बेरिलियम हा धातू हलका आणि ताठ असल्यामुळे मोठ्या कॅमेऱ्यांत तो वापरतात. तुम्ही त्याच्या वाटेला जाऊ नका, त्याची धूळ फुफ्फुसाला घातक आहे.

आरसा मोठा केला तर काळाचं विभाजन, म्हणजे किती लहान काळ वेगळा ओळखता येतो ते, सुधारेल, असं वाटणं साहजिक आहे. तसं होत नाही. रुंद आरसा जास्त बारीक ठिपका देतो, पण तोच रुंद आरसा तितक्या फेऱ्यांनी फिरवता येत नाही. दोन्ही एकमेकांना खाऊन टाकतात. हिशोबाला उरतात फक्त कडेचा वेग आणि प्रकाशाची तरंगलांबी. तरंगलांबीला कडेच्या वेगाच्या चौपटीने भागलं की सर्वात लहान ओळखता येणारा काळ मिळतो. कडेचा वेग ५०० मीटर धरला तर तो पाव नॅनोसेकंद येतो. या मर्यादेला जर्मन शास्त्रज्ञ शार्डिन यांच्या नावाने ओळखतात. तुमच्या स्पिंडलला ही भिंत लागणार नाही, पण ही मर्यादा मोटरची नसून प्रकाश आणि धातू यांची आहे, हे माहीत असावं.

आज हे कॅमेरे जुने झाले का? अर्धवट. शिमाद्झूचा इलेक्ट्रॉनिक कॅमेरा सेकंदाला १ कोटी चित्रं घेऊ शकतो आणि त्यात काहीही फिरत नाही. पण तिथे प्रत्येक चित्राला पिक्सेल कमी मिळतात, कारण सगळी चित्रं त्याच चिपच्या आत साठवायची असतात. फिरत्या आरशात प्रत्येक चित्राला स्वतंत्र फिल्म किंवा स्वतंत्र सेन्सर मिळतो. नेदरलँड्समधल्या ब्रँडारिस कॅमेऱ्यात १२८ सीसीडी, म्हणजे चित्र टिपणारे सेन्सर, बसवले आणि हेलियमच्या टर्बाइनने आरसा सेकंदाला २०,००० फेऱ्यांपर्यंत नेला. सेकंदाला २.५ कोटी चित्रं. २००३ मध्ये त्याची माहिती प्रसिद्ध झाली. त्यांना अल्ट्रासाउंडमध्ये थरथरणारे सूक्ष्म बुडबुडे बघायचे होते. आपल्या भागातल्या मशीन शॉपला यातलं काहीच परवडणारं नाही, म्हणून पुढचा मार्ग.

तुम्ही लेन्सची कमान करायला जाऊ नका. ६० लेन्स एकसारख्या जुळवणं हे वर्षांचं काम आहे, आणि तडा बघायला त्याची गरजही नाही. तडा एका रेषेत धावतो. जे एका रेषेत धावतं त्याला स्ट्रीक कॅमेरा हवा, म्हणजे मघाशी बाजूला ठेवलेली "फासलं जाणारी" रचना. पहिली लेन्स तड्याच्या मार्गाचं चित्र एका अरुंद फटीवर पाडते. दुसरी लेन्स त्या फटीचं चित्र फिरत्या आरशावरून फिल्मवर टाकते. फिल्मच्या रुंदीत तड्याची जागा दिसते, लांबीत वेळ दिसते. तड्याचं टोक पुढे सरकतं तशी तिरकी रेघ उमटते, आणि रेघेचा उतार म्हणजे तड्याचा वेग. रेघ वाकली तर तडा वेग बदलतोय. रेघेत पायरी दिसली तर तडा मध्ये थबकला होता. ६० तुटक चित्रांतून हे इतकं सरळ कधी कळत नाही. स्फोटकांच्या लाटेचा वेग आम्ही याच पद्धतीने काढत असू.

तुमच्यासाठी आकडे. आरसा सेकंदाला २०० फेरे, म्हणजे १२,००० आरपीएम. आरशापासून फिल्म २० सेंटिमीटरवर. ठिपक्याचा वेग एका मायक्रोसेकंदाला अर्धा मिलिमीटर. फटीची फिल्मवर पडणारी रुंदी ०.१ मिलिमीटर ठेवलीत तर काळाचं विभाजन ०.२ मायक्रोसेकंद मिळतं. ६० मिलिमीटर लांबीची काच घ्या आणि पहिल्या लेन्सने तिचं चित्र एक तृतीयांश, म्हणजे २० मिलिमीटर करा. तडा १,५०० मीटरच्या वेगाने धावला तर ४० मायक्रोसेकंदांत पार होईल, फिल्मवर २० मिलिमीटर लांबी घेईल. रुंदीही २०, लांबीही २०, म्हणजे रेघ ४५ अंशाला. उतार मोजायला याहून चांगला कोन नाही. पूर्ण वेगाने स्पिंडल चालवलीत तर रेघ उगाच लोळेल आणि उजेड निम्मा होईल.

काचेनेच सुरुवात करा. कास्ट आयर्नमध्ये तडा फक्त पृष्ठभागावर दिसतो, केसासारखा बारीक, आणि उजेड परत आणायला फार कष्ट पडतात. काचेला मागून उजेड देता येतो. काच साधली की टेस्ट बारचा एक पैलू आरशासारखा पॉलिश करून तोच प्रयोग परावर्तित उजेडात करता येईल.

उजेडासाठी कॅमेऱ्याचा साधा फ्लॅश चालेल, पण समोर दुधी काच लावू नका, सगळा उजेड वाया जाईल. काचेच्या मागे कंडेन्सर लेन्स ठेवून फ्लॅशच्या नळीचं चित्र थेट पहिल्या लेन्सच्या तोंडात पाडा. मग काच सर्वत्र लख्ख दिसते आणि जिथे तडा गेला तिथे उजेड विखुरल्यामुळे काळी पडते. कंडेन्सर आणि १५० मिलिमीटरच्या आसपासची लेन्स, दोन्ही जुन्या एन्लार्जरमध्ये, म्हणजे फिल्मवरून मोठे फोटो छापायच्या यंत्रात, मिळतात. खडेबाजार, गणपत गल्ली या बाजूच्या जुन्या फोटो स्टुडिओवाल्यांकडे चौकशी करा, माळ्यावर पडलेला एन्लार्जर बऱ्याचदा निघतो. ४०० आयएसओची ३५ मिलिमीटर कृष्णधवल फिल्म घ्या, खोली पूर्ण अंधारी ठेवा.

डिजिटल कॅमेऱ्याचा सेन्सर का नको, हे तुम्ही विचाराल. कारण वेळ जुळवणं. २३ मिलिमीटरच्या सेन्सरवरून झोत ४६ मायक्रोसेकंदांत निघून जातो. दोन पैलूंचा आरसा असेल तर अशी संधी दर २,५०० मायक्रोसेकंदांनी एकदा येते. हातोडा हाताने मारलात तर तडा नेमका त्या वेळेत पडण्याची शक्यता शंभरात दोन इतकीही नाही. दिवसभर काचा फोडाल आणि काळे फोटो मिळतील. आरशाच्या पल्सवर काच फोडायची तर उच्च दाबाचा कपॅसिटर लागेल. तो जीव घेऊ शकतो, कॉलेजच्या लॅबमध्ये सरांच्या देखरेखीशिवाय त्याला हात लावू नका.

त्यापेक्षा आरसा आठ पैलूंचा करा आणि फिल्म पाव वर्तुळाच्या कमानीत लावा. एक पैलू ४५ अंश फिरतो तेव्हा झोत ९० अंश फिरतो. २० सेंटिमीटर त्रिज्येवर ती कमान ३१४ मिलिमीटरची होते. झोत एका टोकाला बाहेर पडतो तेव्हा पुढचा पैलू दुसऱ्या टोकाला आत आणतो. त्यामुळे तडा कधीही पडो, झोत फिल्मवर कुठेतरी असतोच. फक्त दोन पैलूंच्या सीमेवर उजेड विभागला जातो, तेवढा कोपरा अंधूक येईल. झोताची एक झाडणी, म्हणजे कमानीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंतचा प्रवास, ६२५ मायक्रोसेकंदांची, म्हणून फ्लॅश त्याहून कमी वेळ पेटला पाहिजे. पूर्ण ताकदीला फ्लॅश रेंगाळतो, पाव ताकदीला किंवा त्याखाली ठेवा आणि तो खरोखर किती वेळ पेटतो ते फोटोडायोड लावून ऑसिलोस्कोपवर मोजा. बॉक्सवर छापलेल्या आकड्यावर जाऊ नका. हातोडा काचेला टेकताच सर्किट पूर्ण होऊन फ्लॅश पेटेल असं करा, तांब्याचा पातळ पत्रा पुरतो. टेकल्यापासून तडा सुटायला किती वेळ लागतो, हे काचेला पाडलेल्या खाचेवर आणि हातोड्यावर अवलंबून आहे. ते कॅमेरा लावायच्या आधी मोजून घ्या. काचेवर तड्याच्या वाटेत आडवी कंडक्टिव्ह पेंटची रेघ ओढा, ती तुटते तो क्षण ऑसिलोस्कोपवर दिसतो. तो क्षण फ्लॅशच्या मध्यावर येईपर्यंत पत्रा पुढेमागे करा.

आरसा बनवायचं काम तुमच्या काकांचं आहे आणि ते तुमच्यापेक्षा चांगलं करतील. एकच नियम पाळा: काचेचे आरसे रोटरवर चिकटवायचे नाहीत. ५ ग्रॅमचा तुकडा अक्षापासून १० मिलिमीटरवर चिकटवून स्पिंडल चुकून २४,००० आरपीएमला गेली, तर तो तुकडा ३२ किलो वजनाइतक्या जोराने बाहेर ओढला जातो. अरल्डाइट एक दिवस सुटणारच. शाफ्ट आणि आरसा एकाच स्टेनलेसच्या तुकड्यातून काढा, हार्डन करा, इंडेक्सिंग लावून आठ पैलू सरफेस ग्राइंडरवर काढा, मग लॅपिंग आणि पॉलिश. पैलू १५ मिलिमीटर रुंद पुरे, समोरासमोरचं माप सुमारे ३६ मिलिमीटर येईल. डायल लावून रनआउट, म्हणजे फिरतानाची डगमग, बघा आणि बॅलन्सिंग करून घ्या. एमएस, म्हणजे साधं माइल्ड स्टील, वापरू नका. आपल्याकडच्या पावसात पॉलिश केलेल्या एमएसवर रात्रीत डाग पडतात आणि लॅपिंग पुन्हा पहिल्यापासून करावं लागतं. रोटरच्या भोवती जाड प्लेटचं गार्ड, उजेड यायला-जायला फक्त खाचा. फिरण्याच्या पातळीत कुणीही उभं राहायचं नाही. काच फोडायची ती पॉलिकार्बोनेटच्या पेटीत, डोळ्यांवर गॉगल लावूनच.

आता शेवटची तयारी. शेजारच्या शॉपमध्ये मोठं मशीन सुरू झालं की व्होल्टेज हलतं आणि स्पिंडलचा वेगही हलतो, त्यामुळे टॅकोमीटरच्या आकड्यावर वेगाचा हिशोब ठेवू नका. फटीच्या एका टोकाला हाय-पॉवर एलईडीचा बारीक ठिपका पाडा आणि तो फंक्शन जनरेटरवरून १०० किलोहर्ट्झने, अगदी छोट्या पल्सने लुकलुकवा. तोही हातोड्याच्या त्याच सर्किटवर, फ्लॅशइतकाच वेळ. फिल्मच्या कडेने ठिपक्यांची ओळ उमटेल, दोन ठिपक्यांत बरोबर १० मायक्रोसेकंद, आणि अंतर सुमारे ५ मिलिमीटर यायला हवं. काळाची पट्टी प्रत्येक फिल्मवर आपोआप छापली गेली की नंतर कुणी शंका काढली तरी फिल्मच उत्तर देते.

पहिले काही दिवस काच न फोडता फक्त ही ठिपक्यांची ओळ मिळवा. ठिपके गोल आणि रेखीव आले म्हणजे फोकस, सपाटपणा आणि बॅलन्सिंग ठीक आहे. लांबट आले तर एलईडीची पल्स लांब आहे, फट रुंद आहे किंवा फोकस चुकलाय. अंतर एका टोकाकडे बदलत गेलं तर फिल्मची कमान आरशाच्या मध्याभोवती बसलेली नाही. एका पैलूचे ठिपके वर आणि दुसऱ्याचे खाली आले तर पैलू अक्षाला समांतर नाहीत, ते काकांना दाखवा. ओळ स्वच्छ आली की तिचा फोटो पाठवा आणि सोबत फिल्मचं अंतर, फटीची रुंदी, आरपीएम आणि फ्लॅशचा मोजलेला वेळ लिहा. मग काचेची खाच कशी काढायची आणि हातोड्याचं वजन किती ठेवायचं, ते सांगतो.